खाण्याजोगं अन्न

गुरुवारी सकाळी आमच्या पेटीच्या कडीला पिवळी चिठ्ठी लटकत होती, आणि चिठ्ठीवरचं वाक्य माझं होतं. माझं म्हणजे मीच लिहिलेलं. दीड वर्षापूर्वी एका मंगळवारी, डबा खाऊन डोळे जड झालेले असताना, पर्यवेक्षक बाईंनी मला सांगितलं की लोकांना टोचेल पण लागणार नाही असं काहीतरी दोन ओळींत लिही, आणि मी वीस मिनिटांत लिहून दिलं: ‘आपल्या पेटीत खाण्याजोगं अन्न आढळलं. कृपया भुकेपुरतंच शिजवा.’ त्या विसातली पाच मिनिटं ‘कृपया’ कुठे बसवायचं यात गेली होती. आता फुटपाथवर, एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल घालून ते वाचताना कळलं की ‘कृपया’मुळे काहीही मऊ होत नाही. उलट ते वाक्य माझ्याकडे अशा नजरेने पाहत होतं की जणू त्याला मी ओळखीचाच वाटलो नाही. उष्टं, सालं, टरफलं, शिळंपाकं घराघरांतून तपकिरी पेट्यांत गोळा करायचं, सोमवारी आणि गुरुवारी गाडी येऊन ते घेऊन जाते, पुढे त्याचं खत होतं. या सेवेच्या फोनवर मी बसतो. दिवसाला साठ-सत्तर माणसं मला विचारतात की हाडं चालतात का, चहाची पिशवी दोऱ्यासकट टाकायची की दोरा काढून, मेलेला गोल्डफिश हे अन्न आहे का. मी सगळ्यांना शांतपणे उत्तरं देतो. (गोल्डफिश चालतो. बरणी चालत नाही.) आणि आमच्या घरात माणसं दोन, त्यातला एक मी, आणि मी शेवटचं शीतही निपटून खाणारा.

गाडी अजून वळणावर होती. मी दोन जातींच्या चपलांत धावत गाठली. गाडीवरच्या बाई पन्नाशीच्या, कोपरापर्यंत हातमोजे. त्यांनी आधी आवाज ओळखला, मग चेहरा पाहिला. फोनवरचे टरफलंवाले ना तुम्ही, म्हणाल्या. मी हसून म्हटलं की काहीतरी घोटाळा झालाय, शेजारच्यांची चिठ्ठी आमच्याकडे आली असणार. त्या हसल्या नाहीत. पेटीचं झाकण उघडलं की आत काय आहे ते बघायचं आणि मगच ओतायचं, हा त्यांचा नियम. अकरा वर्षांत त्यांना पेटीवरून घर कळायला लागलंय, कुठे बाळ झालं, कुठे पाहुणे आले, कुठून कोण निघून गेलं.

“अख्खी जेवणं होती, साहेब, दोन-अडीच आठवडे बघतेय मी,” त्या म्हणाल्या. “वर्तमानपत्रात बांधलेली, एकेका वेळचं वेगळं. फेकणारी माणसं असं बांधत नाहीत. घरात आजारी आहे का कोणी?”

मी म्हटलं, नाही. का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो, जसं आपण आपल्या मुलाने काच फोडल्यावर राहतो.

कारण आजारी माणूस होतं. आजारी आत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून उकडलेल्या अंड्याचं टरफल सोलत होतं, एकही तुकडा इकडेतिकडे पडू न देता. नाना, म्हणजे माझे सासरे. त्यांच्या आतड्यावर एक ऑपरेशन झालं होतं आणि दुसरं व्हायचं होतं. पहिल्यात ते इतके वाळले की सर्जननी सांगून टाकलं, पन्नास किलो भरल्याशिवाय मी हात लावणार नाही. दुसरं झालं तर काही वर्षं. नाही झालं तर सर्जननी बोटांवर महिने मोजल्यासारखं काहीतरी केलं, आणि वर्षापुढे ती गेली नाहीत. माझी बायको पूल बांधते. तिच्या डोक्यात प्रत्येक गोष्टीला पेलायचा एक आकडा असतो, त्यामुळे पन्नास हा आकडा मिळाल्यावर ती रडायची थांबली. कामावरून तिला तीन महिन्यांसाठी लांब जावं लागलं तेव्हा जाताना तिने मला मिठी मारली नाही, फ्रिजवर तक्ता लावला. सकाळी अंडी दोन, अकराला केळं, दुपारी डबा, रात्री भात-मसूर-बटाटे-मासा. ‘तुला जमेल ना’ असं तिने तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा विनोद केला. मला ते येतं. नानांनी स्वतःहून एकच काम मागून घेतलं होतं: ओट्याखालचा डबा रोज बाहेरच्या पेटीत रिकामा करायचं. एवढं तरी करू द्या, म्हणाले होते. मी ऑफिसातून आणलेली नियमांची पुस्तिका त्यांनी पेन्सिलीने खुणा करत वाचली होती आणि मला त्यातल्या दोन चुका दाखवल्या होत्या. ऑफिसात मी सगळ्यांना सांगायचो, आमच्या सासऱ्यांसारखं वर्गीकरण अख्ख्या शहरात कोणी करत नाही. ते आता अंड्याचा पिवळा भाग चमच्याने वेगळा करत होते. जावईबापू, चपला बघा, ते म्हणाले. मी बघितल्या. मग मी ऑफिसला गेलो.

दिवसभर फोन वाजत राहिले आणि मी उत्तरं देत राहिलो, पण आत कुठेतरी एक ताट हळूहळू फिरत होतं. स्वच्छ ताट. रोज रात्री बायकोशी फोनवर बोलून मी गॅलरीतून आत येई तेव्हा ते तसंच असे, भिंगासारखं, आणि मला आपलं वाटे की वा, काय स्वयंपाक करतो मी. चोवीस वर्षं हॉटेलं आणि आईचे डबे खाल्लेला माणूस, आणि आजारी माणसाला बोटं चाटायला लावतो. एका बाईंनी फोनवर विचारलं की नवऱ्याने न खाल्लेला केक कुठल्या पेटीत. मी म्हटलं, का नाही खाल्ला? पर्यवेक्षक बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्या पिवळ्या चिठ्ठीनंतर घरी भेट द्यायला त्याच जातात, हसत, हातात पत्रकं घेऊन. मला त्या आमच्या टेबलाशी बसलेल्या दिसल्या आणि नाना त्यांना पत्रकातल्या चुका दाखवताना दिसले. मग मला आठवलं की पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो होतो, म्हणजे ‘तुमची मुलगी’ वगैरे बोलायला, तेव्हा नानांनी माझ्या हातात साखरेची पिशवी दिली होती आणि किती असेल म्हणून विचारलं होतं. ते वजनमापे निरीक्षक होते; आयुष्यभर दुकानांतले काटे तपासले, खोट्या वजनांवर हातोडा मारला. मी म्हटलं, एक किलो. ते म्हणाले, नऊशे साठ, तुम्हाला कोणीही फसवेल. आणि मुलगी दिली. मी हा किस्सा लोकांना हसवायला सांगत आलो होतो. त्या गुरुवारी, फोन कानाला धरून, मला पहिल्यांदाच त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

बायकोचा फोन साडेसातला येतो. आमच्या घरात आवाज नीट फक्त गॅलरीत येतो, तेही उजव्या कोपऱ्यात, कुंडीवर एक पाय ठेवला तर. म्हणून रोज साडेसातला, नानांचं जेवण अर्ध्यावर असताना, मी उठून जायचो, काचेचं दार ओढून घ्यायचो आणि रस्त्याकडे तोंड करून तिला अहवाल द्यायचो. त्या संध्याकाळीही गेलो. फक्त कुंडीवर पाय ठेवल्यावर मी वळलो. आत दिवा लागलेला होता, त्यामुळे काचेतून सगळं दुकानाच्या शोकेससारखं दिसत होतं. ती विचारत होती, आज भात किती दिलास. आत नाना उठले. त्यांनी खुर्ची ओढली नाही, उचलून मागे ठेवली. ओट्यावर वर्तमानपत्राचं पान पसरलं, घडी हाताने सपाट केली, आणि ताटातलं एकेक त्यावर घ्यायला लागले: मासा मधोमध, भात त्याच्या भोवती, बटाटे कडेला. घाई नव्हती. काटे मात्र त्यांनी वेगळे काढले. आमच्या पुस्तिकेत पान सहावर लिहिलंय की मोठे काटे वेगळे गुंडाळावेत. मग पुडी बांधली, डब्यात ठेवली, झाकण दाबलं, ताटातला रस पावाच्या तुकड्याने पुसला आणि तो तुकडा हातात धरून उभे राहिले. तो तुकडा त्यांनी तोंडाजवळ नेला. माझ्या लक्षात आलं की ते वास घेत होते. डोळे मिटून, इतका वेळ, की मला स्वतःला भूक लागली. मग तोही डब्यात गेला.

“अरे, ऐकतोयस ना? जेवताहेत का ते?”

मी म्हटलं, जेवताहेत.

आत गेलो तेव्हा ते खुर्चीत बसून ओठ रुमालाने टिपत होते. मी डबा काढून टेबलावर ठेवला, त्यांच्या आणि माझ्या मधोमध, आणि खिशातली पिवळी चिठ्ठी त्यावर ठेवली. काही विनोद सुचेल म्हणून थांबलो. नानांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, ‘भुकेपुरतंच’वर बोट ठेवलं आणि म्हणाले, भूक आहे हो, शब्द बरोबर नाही. मग त्यांनी सांगितलं. अगदी साध्या आवाजात, एखाद्या दुकानदाराला नोटीस समजावून सांगावी तसं. त्यांना दुसरं ऑपरेशन नको होतं. पहिल्या वेळी शुद्धीवर आल्यावर तीन दिवस त्यांना आपलं नाव सोडून काही आठवत नव्हतं, मुलगी समोर बसली होती आणि ही बाई कोण म्हणून ते तिच्याकडे बघत होते, आणि तिला ते कळू नये म्हणून हसत होते. पुन्हा तिथे जायचं नाही. पण पोरगी फाईल काखेत मारून सहा दवाखाने फिरली होती. तिच्या तोंडावर ‘नको’ म्हणायला जीभ उचलत नव्हती. सर्जन म्हणाले पन्नासशिवाय नाही, तेव्हा त्यांना वाट दिसली. मी विचारलं, मग काट्यावर काहीतरी करायचं होतंत ना, तुम्हाला तर सगळ्या युक्त्या ठाऊक. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुन्हा साखर एक किलो म्हटली होती.

“अंग चोरून उभं राहता येतं,” ते म्हणाले. “पण तो खोटेपणा झाला. मी खरंच कमी केलं.”

आणि हे टाकायचं होतं तर संडासात टाकायचं, माझ्या ऑफिसच्या पेटीत कशाला? ते दचकले. अन्न संडासात? म्हणजे मुलगी गेल्यापासून एकोणीस दिवस स्वतःला उपाशी मारणाऱ्या माणसाला त्या कल्पनेने शहारे आले. त्यांनी फक्त एक मागितलं: तिला सांगू नका, माझं मी सांगेन. कधी, मी विचारलं. सांगेन, ते म्हणाले. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. डबा उचलून जागेवर ठेवला, आणि आमच्या घरात तेवढ्याने करार होतो.

पुढचे सहा दिवस मी जे केलं ते कोणाला सांगितलं तर लोक हसतील, म्हणून मी ते नीट सांगतो. मी त्यांचं जेवण खाल्लं. पेटी पुन्हा भरली असती तर दुसरी चिठ्ठी आली असती, मग तिसरी, मग पर्यवेक्षक बाई. आणि पुड्या बाहेर जाताना बघणं मला झेपेना, एकेक पुडी कापडात गुंडाळलेल्या कशासारखी तरी दिसायला लागली होती. स्वयंपाक कमी केला असता तर? तेही करून बघितलं. पातेल्यात पाव वाटी तांदूळ कमी पडले आणि माझा हात थांबला, कारण ते म्हणजे त्यांच्या निर्णयाखाली मी सही करण्यासारखं होतं. म्हणून दोघांचं शिजवायचो, दोघांचं वाढायचो, नाना चार घास खायचे आणि ताट माझ्याकडे सरकवायचे. दुसऱ्याच्या वाट्याचं अन्न घशाखाली उतरताना वेगळं लागतं. चव तीच, पण प्रत्येक घास कुठेतरी अडून आपली चौकशी करतो आणि मग खाली जातो. रात्री पोट नगाऱ्यासारखं, छातीत जळजळ, आणि पलीकडच्या खोलीत त्यांच्या पोटाचा आवाज. घर एवढं लहान आणि भिंत एवढी पातळ की दोन्ही पोटं एकमेकांशी बोलत असावीत. मी पडल्या पडल्या विचार करायचो की आज सांगतो. तिला सांगितलं तर ती पहिली गाडी पकडून येईल, नाकात नळी घालून का होईना त्यांना पन्नासवर नेईल, आणि ते पुन्हा तिच्याकडे बघून अनोळखी माणसासारखे हसतील. नाही सांगितलं तर बुधवारी दवाखान्यात वजन करतील तेव्हा काटा सांगेल. कोणत्याही बाजूला झोपलो तरी बाजू चुकीची. साडेसातला कुंडीवर पाय ठेवून मी म्हणायचो, जेवले, सगळं संपलं. आणि ताटापुरतं ते खरं असायचं. सोमवारी गाडीवरच्या बाईंनी पेटीत डोकावून पाहिलं, सालं आणि टरफलं बघून माझ्याकडे मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी.

बुधवारी दवाखान्यात नाना काट्यावर ताठ उभे राहिले, दोन्ही पाय सारखे, हात मोकळे. सेहेचाळीस पॉइंट दोन. आधीच्या वेळी अठ्ठेचाळीस पॉइंट सहा होतं. सिस्टरनी आकडा दोनदा वाचला आणि मग त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. माझ्या गालांकडे, शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे. घरी काय देता यांना, त्यांनी विचारलं. मी वेटरसारखा सगळा तक्ता म्हणून दाखवला. आणि हे खातात? नाना भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना वाचत होते. मी म्हटलं, खातात. सिस्टरनी काहीतरी लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ ओढली. सर्जन आत होते. त्यांनी सांगितलं की पुढच्या आठवड्यापर्यंत सुधारणा नसेल तर भरती करून नळीने अन्न द्यावं लागेल, आणि फाईलवर पहिलं नाव मुलीचं आहे तेव्हा तिला आजच कळवतो. बाहेर येताना नानांना दोन पायऱ्यांवर धाप लागली. मी हात पुढे केला. त्यांनी धरला, हात इतका हलका की मला मोह झाला, अंदाज करून सांगावं.

संध्याकाळी मी कमीच शिजवलं. भूक कोणालाच नव्हती, आणि मला आणखी एक घास गिळवला नसता. ताटं मांडली, साडेसात वाजले, फोन वाजला. मी गॅलरीकडे गेलो नाही. फोन टेबलावर ठेवला, मिठाच्या डबीला टेकवून, आणि स्पीकर लावला. आवाज तुटत तुटत आला, पण आला. तिने नाव घेतलं नाही, हॅलो म्हटलं नाही.

“तू त्यांना काय घालतोयस?” ती म्हणाली. “मी रोज विचारते. रोज. तू रोज म्हणतोस सगळं संपलं. कुठे संपलं ते? अडीच किलो कुठे गेले?”

ते माझ्या अंगावर होते, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती. ती बोलत राहिली. ती ओरडत नव्हती. तिचा आवाज मोजलेला होता, जसा ती कंत्राटदाराशी बोलताना असतो. म्हणाली की तुला कधीच काही गंभीर वाटलं नाही. की आई गेल्यावर त्यांना मी कोणाच्या भरवशावर ठेवून आले याचा मी विचारच केला नाही. की मी नसताना तू माझ्या वडलांना उपाशी ठेवलंस. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती, मी काहीतरी म्हणावं म्हणून. समोर नाना ताटाच्या कडेवर बोट फिरवत होते. माझ्या तोंडात शब्द तयार होते, तीन-चारच होते, आणि ते बाहेर आले की मी सुटणार होतो. मी पाणी प्यायलो. ती म्हणाली, बोल ना. मी अजून पाणी प्यायलो.

नानांचं बोट थांबलं. त्यांनी फोन जवळ ओढला आणि त्यावर वाकले, फार लांबच्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने.

“तो देतो. मी टाकतो. त्याची काही चूक नाही, नोंद दुरुस्त कर.”

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता, उंचावर असतो तसा. नाना, म्हणजे काय, ती म्हणाली. त्यांनी सांगितलं. मला सांगितलं होतं त्याच्या निम्म्या शब्दांत. ऑपरेशन नको, म्हणून वजन भरू दिलं नाही, तुला सांगायला जीभ उचलेना. शुद्धीवर आलो तेव्हाचं सांगितलं नाही. मग थोडं थांबले आणि तेही सांगितलं.

“तू समोर बसली होतीस,” ते म्हणाले, “आणि मला तू कोण ते माहीत नव्हतं. तसं मला मरायचं नाही, बाळ.”

फोनवर वेळ दिसतो, सेकंद पुढे जाताना. मी ते बघत होतो. चाळीसेक सेकंद गेले असतील. तिने विचारलं, हे नक्की का. नक्की, ते म्हणाले. तिने विचारलं, नाही केलं तर किती दिवस हे तुम्हाला माहीत आहे ना. ते म्हणाले, आपण दोघं एकाच खोलीत बसून ऐकलंय. पुन्हा वारा. मग ती इतक्या हळू ‘बरं’ म्हणाली की स्पीकरने ते जवळजवळ गिळलं. ते बरं कशाला होतं कोण जाणे, पण नानांचे खांदे दोन बोटं खाली आले. त्यांनी रुमाल मांडीवर पसरला, ताट पुढे ओढलं आणि खायला लागले.

मी असं कोणाला खाताना पाहिलेलं नाही. पहिला घास त्यांनी जिभेवर ठेवून नुसता धरला. मग चावला, मग दुसरा त्याच्या पाठोपाठ, भात, बटाटा, माशाचा तुकडा, पुन्हा भात. कानशिलाजवळची शीर हलत होती, कपाळावर घाम आला, नाकातून श्वास, आणि एक शीत खाली पडत नव्हतं. आता उपाशी राहायचं काही कारणच उरलं नव्हतं. एकोणीस अधिक सहा दिवस मी ज्या दृश्यासाठी मसूर ढवळत होतो ते समोर होतं, आणि मला ते थांबवावंसं वाटत होतं. हात धरून म्हणावं की नाना, नका जेवू, अजून एकदा विचार करा. कारण ते जेवत होते याचा अर्थ ठरलं होतं.

“काय चाललंय?” फोनमधून ती म्हणाली.

“जेवताहेत,” मी म्हटलं.

नानांनी ताट निपटलं, बोटाने, पावाने नाही, आणि पातेल्याकडे पाहिलं. अजून आहे का, त्यांनी विचारलं, जरा संकोचून, पाहुण्यासारखं. नव्हतं. मी माझं ताट त्यांच्याकडे सरकवलं, त्यात होतंच किती, ते पाच घासांत गेलं. मग मी उठलो, तांदळाच्या डब्यातून दोन वाट्या घेतल्या, थोडा थांबलो, तिसरी घेतली, आणि नळाखाली धरून धुवायला लागलो. पाणी पांढरं येत होतं, मग कमी पांढरं. मागे टेबलावर फोनमध्ये वारा चालू होता. तिने फोन ठेवला नव्हता.